एस-क्लास : मागच्या सीटसाठी बनलेली गाडी

झाशीहून पुन्हा एकदा तुमच्यासमोर आलोय. गेल्या काही भागांनंतर इंदूर, बडोदा, हैदराबाद अशा ठिकठिकाणच्या मराठी मंडळींनी मला एकच प्रश्न विचारला आहे. जुनी मर्सिडीज एस-क्लास आता नव्या छोट्या गाडीच्या पैशात मिळते, तर घ्यावी का? माझा उलटा प्रश्न असतो, कुठल्या पिढीची? कारण एस-क्लास हे एकच नाव असलं, तरी त्याखाली सात वेगवेगळ्या गाड्या आहेत. आज त्या सातही बघू. काहींवर जास्त वेळ घालवीन, काहींवरून भर्रकन पुढे जाईन.

आधी एक गंमत. आमच्या बाजूला जुनी माणसं 'मर्सिडीज' म्हटलं की ट्रक समजायची. त्यांचं चुकत नव्हतं. १९५४ मध्ये टेल्कोने डायम्लर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली. १९६९ मध्ये करार संपेपर्यंत त्या ट्रकांच्या तोंडावर तीन टोकांचा ताराच होता. झाशी म्हणजे श्रीनगर-कन्याकुमारी रस्त्यावरचं नाक्याचं गाव, त्यामुळे तो तारा इथे धुळीने माखलेला, विटांच्या ओझ्याखाली कण्हणारा असाच लोकांनी पाहिला. मोटारीवरचा तारा फार नंतर आला.

आता मोटारीकडे. एस म्हणजे जर्मनमधलं 'झोंडरक्लास', खास वर्ग. हे नाव अधिकृतपणे १९७२ च्या डब्ल्यू ११६ ला मिळालं. पण पाया त्याआधीच घातला गेला होता. १९५९ च्या डब्ल्यू १११ मध्ये बेला बारेनी या अभियंत्याची कल्पना पहिल्यांदा रस्त्यावर आली. प्रवासी बसतात तो मधला डबा कडक, आणि पुढचा-मागचा भाग मुद्दाम चुरगळणारा.

आपल्याकडे अजून लोक म्हणतात, "जुन्या अ‍ॅम्बेसिडरचा पत्रा बघा, आताच्या गाड्या म्हणजे डबडी!" हा गैरसमज एकदा नीट सोडवू. गाडी भिंतीवर आदळली की तुमचा वेग शून्यावर येणारच आहे. प्रश्न एवढाच, की किती अंतरात? समजा पुढचा भाग अजिबात चेपला नाही आणि तुम्ही दहा सेंटिमीटरमध्ये थांबलात, तर बसणारा दणका एक. पुढचा भाग चुरगळत गेला आणि तुम्हाला थांबायला साठ सेंटिमीटर मिळाले, तर सरासरी दणका एक षष्ठांश. गाडीचा पत्रा शाबूत राहिला म्हणजे तो सगळा मार माणसाच्या छातीने खाल्ला. गॅरेजवाल्याचं बिल वाढतं ते याचसाठी, आणि ते वाढलेलं बरं.

डब्ल्यू ११६ कडे परत येऊ. या गाडीत १९७८ च्या अखेरीस बॉश कंपनीबरोबर तयार केलेलं इलेक्ट्रॉनिक एबीएस आलं. जुने ड्रायव्हर ओल्या रस्त्यावर ब्रेक 'पंप' करायचे, आठवतं? दाबायचं-सोडायचं, दाबायचं-सोडायचं. चाक जाम झालं की गाडी घसरते आणि स्टिअरिंग फिरवून उपयोग होत नाही, म्हणून ती युक्ती. एबीएस तेच करतं, पण प्रत्येक चाकाचा वेग मोजून आणि सेकंदाला अनेकदा. माणसाच्या पायाला ते जमणारच नाही. आपल्याकडे नव्याने विकल्या जाणाऱ्या सगळ्या मोटारींना एबीएस सक्तीचं झालं एप्रिल २०१९ पासून. म्हणजे वरच्या गाडीतून आपल्या गाडीत यायला चाळीस वर्षं लागली.

दुसरी पिढी, डब्ल्यू १२६, १९७९ ते १९९१. माझ्या मते सातांमध्ये सर्वांत देखणी हीच. ब्रुनो साको यांच्या हाताखाली तिचं रूप ठरलं. आठ लाखांवर सेडान विकल्या गेल्या, एवढ्या कुठल्याच एस-क्लासच्या विकल्या गेल्या नाहीत. १९८१ मध्ये ड्रायव्हरची एअरबॅग आणि बेल्ट घट्ट ओढणारं यंत्र यात आलं. लक्षात घ्या, एअरबॅग आणि बेल्ट ही जोडी म्हणूनच जन्माला आली. बेल्ट शरीर धरून ठेवतो, आणि पुढे झुकणारं डोकं पिशवी झेलते. बेल्ट नसेल तर शरीर चुकीच्या वेळी, चुकीच्या कोनातून फुगत्या पिशवीवर जाऊन आदळतं. ड्रायव्हरची एअरबॅग आपल्याकडे सक्तीची झाली जुलै २०१९ मध्ये, शेजारच्या सीटची २०२२ पासून.

तिसरी, १९९१ ची डब्ल्यू १४०. हत्तीच! दुहेरी काचा, नीट न लागलेलं दार स्वतःच ओढून घेणारी यंत्रणा, बारा सिलिंडरचं इंजिन. जर्मनीतच लोक वैतागले. झ्युल्ट बेटावर मोटारी नेणाऱ्या रेल्वेच्या वाघिणीवर ही मावेना, एवढी रुंद. पण याच मालिकेच्या कूपे गाडीत १९९५ मध्ये ईएसपी आलं. तुम्ही स्टिअरिंग जिकडे फिरवलंय तिकडे गाडी वळतेय का, हे यंत्र तपासतं, आणि वळत नसेल तर एखाद्याच चाकाचा ब्रेक लावून तिला ताळ्यावर आणतं. दोनच वर्षांनी, १९९७ मध्ये, स्वीडनमध्ये एका चाचणीत याच कंपनीची छोटी ए-क्लास उलटली. रस्त्यात अचानक सांबर आलं तर गाडी कशी चुकवेल, अशा प्रकारची ती चाचणी. भयंकर नाचक्की झाली, आणि कंपनीने प्रत्येक ए-क्लासला ईएसपी बसवलं. श्रीमंतांची वस्तू साध्या गाडीत एवढ्या लवकर येण्याचं हे विरळ उदाहरण. त्यासाठी एक गाडी पत्रकारांसमोर उलटावी लागली.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पॅरिसच्या बोगद्यात राजकन्या डायना ज्या गाडीत गेली, ती डब्ल्यू १४०. त्या काळातल्या सर्वांत सुरक्षित गाड्यांपैकी एक. ब्रिटिश पोलिसांच्या तपासात निघालं, की चौघांपैकी कोणीच बेल्ट लावला नव्हता. आपल्याकडे ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. ती एस-क्लास नव्हती, पण मर्सिडीजच होती, आणि मागच्या सीटवरच्या दोघांनीही बेल्ट लावले नव्हते असं पोलिसांनी सांगितलं. आपल्या देशात मोठी गाडी म्हणजे मागची सीट. पुढे बसतो ड्रायव्हर, मागे बसतात साहेब, आणि बेल्ट लावायचा ड्रायव्हरने! मागच्यांनाही तो नियमाने सक्तीचा आहे, तेव्हाही होता. लग्नाच्या सीझनमध्ये आमच्या कानपूर रस्त्यावर उभे राहा आणि चकचकीत गाड्यांच्या मागच्या काचांतून बघा, म्हणजे कळेल.

चौथी डब्ल्यू २२०, १९९८ ची. हिच्याविषयी शेवटी बोलतो. पाचवी डब्ल्यू २२१, २००५. आपल्या राष्ट्रपतींकडे याच पिढीची लांब, चिलखती पुलमन होती. सहावी डब्ल्यू २२२, २०१३. हिच्यात एकही साधा बल्ब नव्हता, सगळे एलईडी, आणि मागच्या प्रवाशांसाठी अपघातात फुगणारा बेल्ट मिळत असे.

सातवी, २०२० ची डब्ल्यू २२३. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतरच ३.२ मीटर. अख्खी मारुती ८०० साधारण ३.३ मीटरची होती! म्हणून मागची चाकंही वळतात, दहा अंशांपर्यंत. तरी आमच्या खंडेराव गेटाच्या आतल्या गल्ल्यांत ती घालू नका. या गाडीत पुढच्या सीटच्या पाठीतून मागच्या प्रवाशासमोर फुगणारी एअरबॅग मिळू लागली. बेल्ट लावलेल्या प्रवाशाचं डोकं आणि मान वाचवायला.

ही गाडी पुण्याजवळ चाकणला जुळवली जाते. मर्सिडीजने १९९५ मध्ये टेल्कोच्या साथीने पिंपरीत मोटारी जोडायला सुरुवात केली, आणि २००९ मध्ये चाकणचा स्वतःचा कारखाना आला. 'जुळवली' हा शब्द मुद्दाम वापरला. सुटे भाग संच म्हणून येतात, इथे जोडले जातात, आणि त्यामुळे आयातकर पुष्कळ कमी लागतो. २०२१ च्या जूनमध्ये अख्खी आयात केलेली एस-क्लास २.१७ कोटींपासून होती. ऑक्टोबरमध्ये चाकणची आली १.५७ कोटींपासून. इंजिन आणि सोयी थोड्या वेगळ्या, पण मुख्य फरक कराचा. २०२२ मध्ये तिची विजेवरची बहीण ईक्यूएसही चाकणलाच जुळू लागली.

तर जुनी घ्यावी का? बाजारात स्वस्तात दिसते ती बहुधा डब्ल्यू २२० किंवा २२१. डब्ल्यू २२० पासून प्रत्येक चाकाजवळ स्प्रिंगऐवजी हवेची रबरी पिशवी आली. रबर वयाने आणि उष्णतेने तडकतं, आणि झाशीचा मे-जून तुम्हाला ठाऊक आहे. बारीक गळती लागली की हवा भरणारा कॉम्प्रेसर सतत चालतो आणि शेवटी तोही जळतो. एकाच्या दुखण्यात दोघांचा खर्च. शिवाय डब्ल्यू २२० ची गंज आणि बिघडणारं इलेक्ट्रॉनिक्स यांबद्दल जगभर बदनामी झाली होती.

बघायला जाताना गाडी रात्रभर बंद ठेवायला सांगा आणि सकाळी, सुरू करण्याआधी, चारही कोपरे बघा. एखादा कोपरा बसलेला दिसला तर तिथूनच परत फिरा. मालक म्हणेल, "सुरू केली की वर येते." येईलही. मग चाकांच्या वरच्या कमानीतली आणि दारांच्या खालची कड बोटाने चाचपा, डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा किल्ली फिरवल्यावर पेटून विझतो का ते पाहा. तो पेटतच नसेल, तर कुणीतरी बल्ब काढून ठेवला असण्याची शक्यता आहे. आणि मागच्या सीटचे बेल्ट बाहेर ओढून बघा. बऱ्याच जुन्या गाड्यांत ते सीटच्या फटीत इतकी वर्षं दडपलेले असतात, की त्यांना अजून कारखान्याचा कोरा वास येतो.