पंचवीस टक्क्यांतील जागा : अर्ज भरण्यापूर्वी

बारामती-इंदापूरकडे मूल पहिलीत घालताना पालकांपुढे प्रश्न पडतो : जिल्हा परिषदेची शाळा की खाजगी इंग्रजी शाळा? शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार खाजगी विनाअनुदानित शाळांत (अल्पसंख्याक शाळा वगळून) २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांसाठी आहेत. अनुसूचित जातीच्या मुलांना उत्पन्नाची अट नाही. निवड सोडतीने होते.

मात्र फी-माफी आठवीपर्यंतच आहे. नववीची फी कोण भरणार? रोजची ने-आण, घरचा अभ्यास कोण पाहणार? उत्तरे असतील तर अर्ज जरूर भरावा आणि पहिलीपासूनच आवर्ती ठेव सुरू करावी. नसतील तर गावच्या शाळेत कमीपणा नाही. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेतच दाखल झाले. शाळा कोणतीही असो, ती मध्येच सुटू नये.