सालामीचे सोंग

भोकरदन तालुक्यातील केदारखेड्यासारख्या गावात, जेथे चहात बुडवावयाच्या मारी बिस्किटाचा पुडा कोणत्याही किराणा दुकानात मिळतो पण केक भाजण्याची भट्टी सहसा कोणाच्या घरी नसते, तेथे पोर्तुगालचे एखादे मिष्टान्न घरी करू म्हटले तर ऐकणारा प्रथम हसेल. आणि त्याचे नाव 'सलामे द शोकोलाते', म्हणजे चॉकलेटची सालामी, असे सांगितल्यावर शाकाहारी मंडळी पाटावरून उठतीलही. वास्तविक यात मांसाचा लवलेश नाही. काळ्या चॉकलेटात रुतलेले बिस्किटाचे फिकट तुकडे कापल्यावर सालामीतील चरबीसारखे दिसतात, एवढेच साम्य. इटलीही या जिनसावर हक्क सांगते. तो तंटा त्यांच्या दप्तरी राहू द्यावा.

भाजण्याचे काम येथे बिस्किटवाल्याने आधीच उरकलेले असते. मारी बिस्किट १८७४ साली लंडनच्या पीक फ्रीन्स कारखान्याने रशियाच्या राजकन्या मारियाच्या विवाहप्रीत्यर्थ काढले. पुढे पोर्तुगीजांच्या स्वयंपाकघरात ते इतके रुळले, की गोव्यातही 'सेर्रादुरा' या थंड गोडात त्याचाच भुगा थराथराने पसरतात.

२०० ग्रॅम कडसर चॉकलेट, १०० ग्रॅम बिनमिठाचे लोणी, २०० ग्रॅम मारी आणि बेताची पिठीसाखर, एवढी बेगमी पुरते. लोणी घरचे असेल तर त्यातील ताक निपटून काढावे. गरम पाण्याच्या पातेल्यावर, पाण्याला बूड न टेकेल असे भांडे ठेवून चॉकलेट वितळवावे. पहिल्या खेपेस माझ्या हातून झाकणावरचे वाफेचे चार थेंब आत पडले आणि तुळतुळीत चॉकलेटाचा पाहता पाहता रवाळ गोळा झाला. थोड्याशा ओलाव्याने त्यातील साखर चिकटते, हे ज्ञान मला त्या दिवशी लोणी-चॉकलेटाच्या किमतीत प्राप्त झाले. मूळ कृतीतील कच्चे अंडे आपल्या उन्हाळ्यात वगळावे. काही अडत नाही. बिस्किटांचे मात्र नखाएवढे तुकडे करावेत, भुगा नव्हे, नाहीतर सालामीचे सोंग वठत नाही.

लोणी आणि हे तुकडे वितळलेल्या चॉकलेटात कालवावेत. मिश्रण जरा आळले की बटर पेपरवर घेऊन अळुवडीच्या उंड्यासारखे घट्ट वळावे, टोके पिळावीत आणि फ्रिजमध्ये चार तास ठेवावे. कोकोचे लोणी सुमारे ३४ अंशांवर वितळते आणि मराठवाड्याचा वैशाख चाळिशी सहज ओलांडतो, तेव्हा पाहुणे पानावर बसल्याखेरीज उंडा बाहेर काढू नये. मग पिठीसाखरेत लोळवून, सुरी गरम पाण्यात बुडवून पुसून घेत बोटाएवढ्या जाड चकत्या कापाव्यात. कडेची वेडीवाकडी चकती करणाऱ्याची. हा दस्तूर मी आमच्या घरात कायमचा मुक्रर केला आहे.