वहिनी, बर्फ आहे का?

लग्न होऊन मी कवठे महांकाळला आले, तेव्हा आमच्या आळीत फ्रिज असलेली घरं दोनच. त्यातलं एक आमचं. उन्हाळ्यात सरबताला बर्फ मागायला कुणी ना कुणी यायचंच. शेजारची एक मात्र ऐन थंडीतसुद्धा यायची. पदर कपाळापर्यंत ओढलेला. "वहिनी, बर्फ आहे का थोडा?" मी रुमालात बांधून द्यायची. दुसऱ्या दिवशी रुमाल धुऊन, घडी घालून परत! तिने कधी काही सांगितलं नाही, मी कधी काही विचारलं नाही. आदल्या रात्री भिंतीपलीकडून आवाज यायला लागले की आमच्याकडे रेडिओ मोठा व्हायचा. कोण करायचं मोठा? मीच.

मैत्रिणींनो, हे आज सांगण्याचं कारण असं, की तुमच्याही घराला एक भिंत आहे आणि तिच्यापलीकडेही कुणी राहतं. किंवा बर्फ मागणारी तुम्हीच असाल.

"छे, आपल्याकडे नाही हो असलं काही. ते दारूड्यांच्या घरी!" असं मीही पूर्वी म्हणायची. पण सरकारच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१९ ते २०२१ या काळात घरोघर जाऊन बायकांना विचारलं. महाराष्ट्रातल्या लग्न झालेल्या साधारण चार बायकांत एकीने नवऱ्याचा मार किंवा शरीराची जबरदस्ती सोसली होती. म्हणजे तुमच्या भिशीत बाराजणी असतील तर हिशेब तुम्हीच करा. दारूने मार वाढतो हे खरंच. पण न पिणारे, इस्त्रीचे कपडे घालून कचेरीत जाणारेही हात उचलतातच की. त्याच पाहणीत देशभरातल्या शंभरातल्या पंचेचाळीस बायकांनी सांगितलं, की काही कारणांसाठी नवऱ्याने बायकोला मारणं योग्यच आहे. पुरुषांचा आकडा चव्वेचाळीस! सासऱ्यांना उलट बोलली, न सांगता बाहेर गेली, असली ती कारणं.

मग मार खाणारी करते काय? लोक म्हणतात, गप्प बसते. मला हे पटत नाही. तिचं डोकं सतत चालू असतं. गाडीच्या आवाजावरून आज स्वारी कशी आहे ते तिला कळतं. मुलांना लवकर जेवू घालून ती निजवते. लाटणं, पट्टा डोळ्यांसमोरून हलवते. थोरल्याला शिकवून ठेवते, "आवाज चढला की आजोबांना उठवायचं." पैशाचा विषय पगाराच्या दिवशी काढायचा नाही, हे तिचं तिने ठरवलेलं असतं. एवढी अक्कल ती रोज खर्च करते, आणि आपण म्हणतो, बिचारी काही करतच नाही!

सांगत मात्र नाही. देशभरात हिंसा सोसलेल्या शंभरातल्या सत्याहत्तरजणींनी कधी मदत मागितली नव्हती, की कुणाजवळ बोललेल्याही नव्हत्या. मदत मागणाऱ्या अवघ्या चौदा. त्यांतल्याही बहुतेक माहेरी सांगतात, पोलिसांपर्यंत पोचणाऱ्या मूठभर. आणि माहेरी काय ऐकायला मिळतं? "धाकटीचं लग्न व्हायचंय गं. थोडं सोस." आई वाईट नसते. तिनेही तेच ऐकलेलं असतं. पण त्या एका वाक्यानंतर मुलगी पुन्हा तोंड उघडत नाही.

दवाखान्यात तर ठरलेलं उत्तर. न्हाणीत पाय घसरला. डॉक्टर आपण सांगू तेच कागदावर लिहितात. पुढे कधी कोर्टाची पायरी चढावी लागली तर तोच कागद आपल्यावर उलटतो. म्हणून एवढं तरी करा, डॉक्टरला खरं कारण सांगा, ते लिहायला लावा आणि कागद जपून ठेवा.

मार असह्य होऊन बाहेर पडलेल्या किंवा नवऱ्याने टाकलेल्या बायकांचे हाल आपल्या जिल्ह्याने पाहिले आहेत. कासेगावच्या इंदुताई पाटणकरांनी अशा परित्यक्तांना एकत्र केलं. मागण्या काय होत्या? आपल्या नावाचं रेशनकार्ड आणि घरापुरती जागा. तिकडे संगमनेरला निशा शिवूरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली परित्यक्तांची परिषद भरवली. घर सुटलं की बाई नेमकी कुठे अडते, ते या बायकांनी चारचौघांत उभं राहून सांगितलं.

कायदाही हळूहळू तिथे आला. १९८३ साली छळ हा गुन्हा ठरला. ते ४९८ अ कलम २०२४च्या जुलैपासून नव्या संहितेत ८५वं झालंय. पण पुष्कळजणी म्हणतात, "त्याला जेलात नाही घालायचं हो, मार थांबायला हवा." त्यांच्यासाठी २००५चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे. मारू नये असा हुकूम कोर्टाकडून मिळतो. तो मोडला तर मात्र गुन्हा. घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असलं तरी कायद्याची रीत सोडून तुम्हाला बाहेर काढता येत नाही. खर्चाला पैसे मागता येतात. माहेरी येऊन राहिलात तर तिथल्या कोर्टातही अर्ज चालतो, सासरच्या गावी खेटे घालायला नकोत. संरक्षण अधिकारी अर्ज भरायला मदत करतात, आणि विधी सेवा समितीकडून बाईला वकील फुकट मिळतो, तिची कमाई कितीही असो. कायद्यात साठ दिवसांत निकालाचा प्रयत्न करावा असं लिहिलंय. प्रत्यक्षात तारखा पडत राहतात, हेही सांगून ठेवते. रात्री-अपरात्री जीवावर बेतलं तर ११२, आणि सल्ला-मदतीला १८१.

आणि शेजारणीने काय करायचं? याच कायद्यात म्हटलंय, की मार होतोय हे कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतं. चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर त्याचा ठपका येत नाही. पण आधी तिला विचारा. एकटी असताना, नवरा कामावर गेल्यावर. "तू काय बोललीस म्हणून?" असं नाही, "लागलंय का? आत ये, बस." ती लगेच सांगणार नाही. सोडून ये म्हणून तिच्या मागेही लागू नका. निघायच्या वेळीच धोका जास्त असतो, आणि तो तिच्याइतका कुणाला कळत नाही. तिचं आधारकार्ड, बँकेचं पुस्तक, मुलांचे दाखले, दवाखान्याचे कागद, थोडे पैसे तुमच्याकडे ठेवते म्हणाली तर ठेवा. घरातल्या पुरुषांजवळ त्याची वाच्यता नको, कट्ट्यावर गोष्ट फिरायला वेळ लागत नाही.

शेजारच्या त्या बाईंच्या यजमानांची बदली झाली. सामान टेम्पोत भरताना तिने माझा रुमाल आणून दिला. मी म्हटलं, "राहू द्या हो तुमच्याकडे." याच्यापलीकडे मी काही बोलले नाही.

आता माझ्या कपाटात, शालूच्या घडीखाली, एक कापडी पिशवी आहे. कुणाची, ते आमच्या ह्यांनाही ठाऊक नाही.