आखूड बावीस

आमच्या प्रयोगशाळेत तेव्हा कात्री आणि डिंक रोज लागायचे. बोन मॅरोच्या पेशी वाढवायच्या, ऐन विभाजनात त्यांना थांबवायचं, क्षाराच्या पातळ पाण्यात फुगवायचं, उंचावरून थेंब स्लाइडवर सोडायचा, रंग द्यायचा, फोटो काढायचे. डार्करूममधून कागद वाळून आला की एकेक गुणसूत्र कापून जोडीजोडीनं चिकटवायचं. एका पेशीचे ४६ तुकडे. मे महिन्यातही पंखा बंद, कारण सगळ्यात छोटे तुकडे, २१ आणि २२ नंबरचे, वाऱ्यानं उडून जायचे.

१९९३ च्या उन्हाळ्यात साताऱ्याकडच्या एका सत्तावीस वर्षांच्या मुलाचा नमुना आला. चिकटवतानाच दिसलं, २२ च्या जोडीतलं एक आखूड आहे आणि ९ च्या जोडीतलं एक लांबलंय. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, रक्ताचा कॅन्सर.

रिपोर्ट न्यायला वडील आले. दारावरच्या पाटीपाशी बराच वेळ उभे होते. 'आनुवंशिकी विभाग'. मला म्हणाले, "बाई, आनुवंशिक म्हंजी घराण्यातलं ना? आमच्यात कुणालाच नव्हतं हो. याच्या बहिणीचं लग्न ठरलंय. तिच्यातबी आसंल का?"

त्या पाटीचा मला तेव्हा पहिल्यांदा राग आला. कॅन्सर हा जनुकांचाच आजार आहे, हे खरं. पेशी दुभंगताना आपली सगळी जनुकं उतरवून काढते. उतरवताना चुका होतात, तंबाखूसारख्या गोष्टींनी त्या वाढतात, वयाबरोबर साठत जातात. पण या चुका बहुतेक वेळा जन्मानंतर, शरीराच्या एखाद्याच पेशीत घडतात. या मुलाच्या हाडातल्या एका पेशीत ९ आणि २२ तुटली आणि त्यांची टोकं एकमेकांना उलटसुलट जोडली गेली. ते आईबापाकडून आलेलं नव्हतं. बहिणीत असण्याचा प्रश्नच नव्हता.

मी त्यांना आत बसवून चार्ट दाखवला. त्यांना पटलं. सोयरीक तरी मोडलीच. पाव्हण्यांना चार्ट कोण दाखवणार?

हे आखूड गुणसूत्र १९६० मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाला नॉवेल आणि हंगरफर्ड यांना दिसलं. तुटलेला तुकडा गेला कुठे, हे शिकागोच्या जॅनेट राउली यांनी १९७३ मध्ये छापलं. त्याही घरी जेवणाच्या टेबलावर फोटो कापत बसायच्या. हे वाचल्यावर मला त्या आमच्यातल्याच वाटल्या. अदलाबदलीत ९ वरचं एबीएल नावाचं जनुक २२ वरच्या बीसीआरला चिकटतं. एबीएल पेशीला 'वाढ' म्हणून सांगतं आणि एरवी वेळेवर गप्प बसतं. या जोडकामानंतर ते गप्प बसतच नाही.

घराण्यातून येणारा कॅन्सरही असतो, शंभरातल्या पाच-दहा रुग्णांत. १९९० मध्ये मेरी-क्लेअर किंग यांनी १७ व्या गुणसूत्रावर ज्याची जागा दाखवली, ते बीआरसीए-१ घ्या. त्यातला दोष जन्मतःच प्रत्येक पेशीत असतो आणि स्तनाचा, अंडाशयाचा कॅन्सर होण्याचा धोका फार वाढवतो. मुलाला असो वा मुलीला, तो मिळण्याची शक्यता निम्मी. बापाकडूनही तो येतो, हे पुष्कळांच्या गावी नसतं. अशा घरांत आत्याचा आजार सांगायलाच हवा, म्हणजे भाची वेळेवर तपासणी करून घेईल. नेमकं तिथेच 'पोटाचं काहीतरी होतं' म्हणून विषय संपवतात. लपवण्यासारखं काही नाही तिथे लग्नं मोडतात, आणि बोलायला हवं तिथे कुणी बोलत नाही.

साताऱ्याचा मुलगा १९९६ साली गेला. तेव्हाच्या गोळ्या पांढऱ्या पेशींची संख्या खाली आणायच्या, जोडलेल्या जनुकाचं काही करू शकत नसत. २००१ च्या मे महिन्यात अमेरिकेत इमॅटिनिबला मान्यता मिळाली. हे औषध बिघडलेल्या प्रथिनाच्या खाचेत जाऊन बसतं आणि त्याची ऊर्जाच अडवतं. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मूळ कंपनीचा पेटंटचा दावा फेटाळला आणि भारतात बनणाऱ्या स्वस्त गोळ्यांची वाट मोकळी राहिली.

ती गोळी सुरू असलेल्या एका रुग्णाचा नमुना पहिल्यांदा माझ्याकडे आला, तेव्हा कात्री जाऊन कॉम्प्युटर आला होता. मी वीस पेशी मोजल्या. विसांतही २२ ची जोडी सारखी होती. मी स्लाइड खाली काढली, नाव आणि नंबर पुन्हा जुळवून पाहिला आणि वीसच्या वीस पहिल्यापासून मोजल्या.