स्पर्श, श्रोता आणि दुभाषी

देवपुरांत कोणी अँड्रॉइड फोनवर बोट टेकतो. तो स्पर्श प्रथम सी++ मधील आज्ञावलीस कळतो. बटणाचा ‘श्रोता’ मात्र जावाच्या क्लासमध्यें, नभोवाणीच्या श्रोत्याप्रमाणेंच, हांकेची वाट पाहत असतो. उभयतांतील दुभाषी म्हणजे १९९७ पासूनचा ‘जावा नेटिव्ह इंटरफेस’. क्लासमधील कृति तो नांव व प्रकारसंकेत पाहून शोधतो. येथवर सरळ आहे, गोम पुढेंच. सी++ला मिळालेला श्रोत्याचा पत्ता तात्पुरता असतो; तें कार्य संपतांच तो रद्द होतो. घटना तर मागाहून घडावयाची! म्हणून ‘न्यूग्लोबलरेफ’ने टिकाऊ पत्ता घ्यावा, आणि काम सरल्यावर तो सोडावा, नाहीं तर स्मृति व्यर्थ अडकून पडते. शिवाय दुभाषी प्रत्येक थ्रेडचा निराळा. सी++ने स्वतः उभारलेल्या थ्रेडने ‘अटॅचकरंटथ्रेड’ने आपली नोंद न करतां हांक मारली, तर सारें अ‍ॅप कोसळतें.