पितळी कड्याचं काम

गिअरचा दांडा पुढे ढकलला की आत एक दातेरी चक्र सुटतं आणि दुसरं जाऊन अडकतं, अशी मुरलेल्या चालकांचीही समजूत असते. पहिल्या मोटारींत खरोखर तसंच होई. फ्रान्समध्ये एमिल लवासोर यांनी १८९०च्या दशकात घडवलेल्या गाड्यांत चक्रं दांडीवरून सरकत आणि फिरत्या दातांवर जाऊन आदळत. आजच्या मोटारीत मात्र पुढे जाण्याच्या गिअरांची सगळी चक्रं जोडीजोडीने कायम एकमेकांत गुंतलेली असतात. दांडा हलवला तरी ती जागची हलत नाहीत.

इतक्या जोड्या लागतात कारण इंजिनाला फार हळू फिरता येत नाही. मिनिटाला काही शे फेऱ्यांच्या खाली ते बंदच पडतं, आणि चाकाला तर शून्यापासून सुरुवात करायची असते. छोट्या मोटारीत पहिल्या गिअरला इंजिनाच्या सुमारे १४ फेऱ्यांमागे चाकाची एक फेरी होते. वेग कमी, जोर भरपूर. पाचव्या गिअरला तीन-साडेतीन फेऱ्यांतच चाक एकदा फिरतं.

प्रत्येक जोडीतलं एक चक्र आपल्या दांडीवर मोकळं फिरत असतं. आपला दांडा सरकवतो ती आतून दातेरी असलेली एक बाही. ती शेजारच्या मोकळ्या चक्राला दांडीशी जखडते आणि त्या जोडीतून जोर चाकांकडे जाऊ लागतो. अडचण वेगाची असते. समजा, चौथ्या गिअरला इंजिन २,५०० फेऱ्यांवर आहे. त्याच वेगात तिसरा टाकायचा तर साधारण ३,४०० लागतील. बाही आणि चक्र यांच्या वेगात एवढी तफावत असताना दात दातांत जाणार कसे? पूर्वी हे काम चालकाच्या पायाकडे होतं. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून अ‍ॅक्सिलरेटरला एक झटका, पुन्हा क्लच आणि मग गिअर. जुन्या ट्रकवर हा डबल क्लच निव्वळ कानाने साधणारे चालक होते, आणि त्या कौशल्याला मी मोठंच मानतो.

मोटारीतलं ते काम अमेरिकन अभियंता अर्ल थॉम्पसन यांच्या युक्तीने हलकं केलं. १९२८ साली कॅडिलॅकने ती बाजारात आणली. सिंक्रोमेश तिचं नाव. आजच्या रूपात बाही आणि चक्र यांच्यामध्ये एक कडं असतं, बहुधा पितळी. धावती लोकल पकडणारा आधी फलाटावर तिच्या वेगाने धावतो, तसं हे कडं घासून घासून दोघांचा वेग एक करतं. तोवर त्याचे तिरपे दात बाहीची वाट अडवून धरतात. वेग जुळला की घर्षणाचा ताण सरतो, कडं किंचित वळतं आणि बाही आत शिरते. दांडा क्षणभर अडून मग अलगद जातो तो यामुळेच. त्याला झटका देऊ नये, नुसता दाब धरून ठेवावा.

रिव्हर्सला अनेक गाड्यांत हे कडंच नसतं. तिथे दिशा उलटवणारं एक जादा चक्र मध्ये सरकतं आणि त्याचे दात सरळ असतात. म्हणून मागे जाताना गाडी कुंईऽ आवाज करते आणि पुरती थांबण्याआधी रिव्हर्स टाकला की खर्रकन ओरडते.

खंडाळ्याचा घाट उतरताना पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रलला टाकणारे अजून दिसतात. इंजेक्शनच्या गाडीत उतारावर गिअर ठेवून अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंधन जवळजवळ बंदच होतं. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला ते लागतंच. शिवाय सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो आणि तापलेले ब्रेक दगा देतात. त्यामुळे ही सवय सोडाच. चालवताना दांड्यावर हात विसावण्याचीही सोडा, कारण त्या वजनाने बाही सरकवणारा आतला काटा विनाकारण झिजतो. आणि गिअर खरखरू लागला तर गिअरबॉक्स उघडण्याआधी मिस्त्रीकडून क्लच पूर्ण सुटतो का ते बघून घ्या. पुष्कळदा दोष तिथेच असतो, आणि तो फार कमी खर्चात निघतो.