पद्मिनीच्या दाराची कैफियत

जुन्या मोटारींवर काही लिहावे, असे संपादकांनी सुचविले तेव्हा त्यांच्या मनात बहुधा लखलखणारे बंपर, रविवारच्या मिरवणुका आणि हौशी मालकांची छायाचित्रे असावीत. परंतु कुर्ल्याच्या बाजूस एका अरुंद गॅरेजात प्रीमियर पद्मिनीचे एक दार, जे आतूनही उघडेना व बाहेरूनही उघडेना, ते उघडण्याचा उद्योग ज्या शांतपणे व शिस्तीने चालला होता तो पाहिल्यावर बाकीचे सारे विषय मागे पडले.

या गाडीचा इतिहास दफ्तरी नमूद आहे व तो थोडक्यात सांगितला तरी पुरे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार होऊन ११०० या जातीची गाडी कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होऊ लागली, आणि १९६४ साली तिचे ‘डिलाइट’ हे रूप अवतरले. सत्तरीच्या दशकात फियाटचे नाव उतरले व पद्मिनी हे नाव चढले. १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर आणि ती चौकोनी अंगलट मात्र दीर्घकाळ कायम राहिली. २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत भरून ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून उतरली. राहिल्या त्या खाजगी मालकांच्या गाड्या, ज्या आठवड्यातून, क्वचित महिन्यातून एकदा बाहेर पडतात. आणि दाराच्या दुखण्याचे बीज या विश्रांतीतच आहे.

दाराचा खटका म्हणजे कडेवर बसविलेली एक लोखंडी पेटी, आणि तीत एक फिरता दात असतो. दार लावताच तो खांबावरच्या स्ट्रायकरमध्ये अडकून फिरतो, आणि एक लहानशी खिटी स्प्रिंगच्या जोरावर त्याला मागे फिरण्यास मज्जाव करते. बाहेरची मूठ किंवा आतला हँडल यांचे काम एवढेच, की त्यांनी क्षणभर ही खिटी बाजूस सारावी. इतक्या साध्या यंत्रास बिघडण्यास वाव तो काय, असे वाटते. परंतु मुंबईची खारी हवा, काचेच्या रबरातून दाराच्या पोटात झिरपणारे पावसाचे पाणी, आणि वर्षानुवर्षांच्या ग्रीसमध्ये धूळ मिसळून झालेली घट्ट राळ यांचा एकत्र अंमल सुरू झाला की ती स्प्रिंग खिटीला पूर्वीच्या चपळाईने हलवू शकत नाही. मग मालक प्रेमापोटी फटीतून इंजिनचे तेल ओततो. दोन दिवस दार सुरळीत चालते, आणि तिसऱ्या दिवशी त्या तेलावर नवी धूळ बसून पूर्वीपेक्षा अधिक चिवट राळ तयार होते.

त्या गॅरेजातील साठी उलटलेल्या मिस्त्रींचे कसब पाहावयाचे ते येथे. बंद पडलेले दार त्यांनी ओढले नाही. पलीकडच्या दाराने आत शिरून त्यांनी आतल्या हँडलच्या मुळाशी असलेली बारीक पिन ठोकून काढली, काच फिरविण्याचा दांडा उतरविला, पुठ्ठ्याचे अस्तर क्लिपा न मोडता सोडविले, आणि बाहेर उभ्या असलेल्या पोराला खांद्याने दार आत रेटून धरावयास सांगितले. रेटल्यामुळे दातावरचा ताण गेला. पत्र्याच्या भोकातून घातलेल्या वाकड्या तारेने खिटी हलली, आणि दार अगदी निमूटपणे उघडले.

उघडल्यावर तरी खटक्यास हात लावावा! छे. त्यांनी दार अर्धे उघडे ठेवून खालच्या कडेला दोन्ही तळवे लावले व ते वर उचलून पाहिले. बोटभर नव्हे, परंतु डोळ्यांना दिसेल इतके ते उचलले गेले. “खटक्याला सगळे शिव्या घालतात, साहेब. बिजागरीला कोणी विचारत नाही,” एवढेच ते म्हणाले. बिजागरीची पिन झिजली की दार लोंबते. दार लोंबले की दात स्ट्रायकरच्या खाली येऊन आदळतो. तो बसेना म्हणून मालक दार आपटतो. आपटल्याने स्ट्रायकर सरकतो व दाताची कड झिजते. आणि अखेरीस सर्व अपराध खटक्याच्या नावावर मांडला जातो. दारांच्या तक्रारींत एखाद्या निष्पक्ष मुन्सफासारखे उलट्या क्रमाने चौकशी करीत जाणारा हा मनुष्य पाहून माझ्या मनात जो आदर उत्पन्न झाला तो लपविण्याचे कारण नाही. (ज्या जुन्या ११०० गाडीस आपल्याकडे ‘डुक्कर फियाट’ म्हणत, तिच्या पुढच्या दारांच्या बिजागऱ्या मागल्या बाजूस असत, चालत्या गाडीत खटका सुटला तर वारा दार सताड उघडी. तेथे ही चौकशी जिवाशी गाठ घालणारी होती.)

पिना बदलल्यावरच पेटी उतरली. तिचे गंजलेले स्क्रू हातोडीच्या ठोक्यावर फिरणाऱ्या पेचकसाने सैल केले. आच दिली असती तर काम लवकर झाले असते, पण रंग करपला असता. पेटी रात्रभर घासलेटात बुडवून, दात घासण्याच्या जुन्या ब्रशाने कोपरे साफ करून, पूर्ण कोरडी केली. स्प्रिंग नवी घातली. ग्रीस बोटाच्या टोकाएवढेच, तेही फक्त फिरत्या भागांवर. किल्लीच्या भोकात तेल अजिबात नाही, तेथे शिसपेन्सिलीच्या शिशाची पूड. दाराच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी ठेवलेली, मातीने बुजलेली छिद्रे तारेने मोकळी केली. शेवटी स्ट्रायकरचे स्क्रू किंचित सैल ठेवून दार हळूच लावले, म्हणजे दाताने आपली जागा आपणच दाखविली. ती पेन्सिलीने आखून स्क्रू आवळले. दोन खटके स्पष्ट ऐकू आले, पहिला अर्धवट धरण्याचा व दुसरा पक्का, आणि त्यास तळव्याचा हलका रेटाच पुरला.

परंतु पुढचे दिवस कठीण आहेत. कारखान्यात ही गाडी बनणे थांबून दोन तपे लोटली. सुटे भाग मिळतात ते मटण स्ट्रीटच्या चोरबाजारात किंवा कुर्ल्याच्या भंगारात, आणि तेथेही डाव्या दाराची पेटी उजव्यास चालत नाही. नव्याने घडविलेल्या स्प्रिंगा नरम निघतात. दाराभोवतीचे नवे रबर मुळापेक्षा जाड असले की दार बाहेर रेटले जाते, आणि दोष पुन्हा खटक्याच्या माथी येतो. म्हणून कित्येक मालक पत्रा कापून हल्लीच्या गाडीचे लॉक बसवून मोकळे होतात. तो पत्रा पुन्हा जुळत नाही.

त्यात कायद्याचा एक पेच आहे. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली, मूळ स्वरूपात जतन केलेली खाजगी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदविता येते. त्यासाठी नवीन नोंदणीस २०,००० रुपये, दहा वर्षांनी फेरनोंदणीस ५,००० रुपये, आणि क्रमांकाच्या पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरे. म्हणजे जुनी डिलाइट यात बसते. ऐंशीच्या दशकातील पद्मिनीस अजून थांबावे लागेल. नियमाचा हेतू स्तुत्यच आहे, पण अशी गाडी नित्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणण्यास मनाई आहे. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे व देखभाल अशा मोजक्या कामांपुरतीच मुभा. ज्या खटक्यास रोजच्या उघडझापीनेच आयुष्य लाभते, त्याला या तरतुदीने सक्तीची विश्रांती दिली आहे. गॅरेजातील तरुण पोरे संगणकाने दोष शोधण्याचे काम शिकत आहेत, आणि ते त्यांच्या पोटापाण्याच्या दृष्टीने योग्यच आहे. मिस्त्रींच्या हाताखाली हे काम पुरते शिकलेला मात्र तेथे कोणी आढळला नाही.

तेव्हा ज्यांच्या दारी अशी गाडी उभी असेल त्यांनी पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर चारही दारांच्या तळची छिद्रे मोकळी करावीत, गाडी बाहेर निघणार नसली तरी आठवड्यातून एकदा प्रत्येक दार उघडून लावावे, आणि एखादे दार नीट लागेनासे झाले तर ते आपटण्यापूर्वी उचलून पाहावे.